'कंपाउंड व्हर्ब' म्हणजे नेमकं काय? नावांचा गोंधळ आणि वर्गात करता येण्यासारखं काही



सातवी-आठवीतल्या एखाद्या लेकराची इंग्रजी व्याकरणाची वही उघडून बघा. एका पानावर 'कंपाउंड व्हर्ब : हॅज गॉन, इज प्लेइंग' असं लिहिलेलं सापडेल. पुढे काही पानांनी, बहुतेक क्लासच्या वहीतून उतरवून घेतलेलं, 'कंपाउंड व्हर्ब : गिव्ह अप, लुक आफ्टर'. घरी कुणी मोबाइलवरून एखादी परदेशी वर्कशीट काढून दिली असेल तर तिथं तिसरंच : 'शी सँग अँड डान्स्ड'. आणि मराठीच्या वहीत 'संयुक्त क्रियापद : पाऊस पडू लागला'.

चारही ठिकाणी नाव एकच आहे, वस्तू मात्र चार. गंमत म्हणजे यातलं कुणीच खोटं शिकवलेलं नाही. प्रत्येक नावामागं कुठलं ना कुठलं पुस्तक आहे. पण वर्गात काय होतं? लेकरू क्लासमध्ये शिकलेलं उत्तर शाळेत लिहितं, त्यावर लाल फुली येते. घरी पालक म्हणतात, "आमच्या वेळी तर असं नव्हतं." दोन-तीनदा असं झालं की ते मूल विचारणंच बंद करतं. 'व्याकरण आपल्याला जमत नाही' हा निष्कर्ष ते मनाशी काढतं आणि दहावीपर्यंत सोबत घेऊन फिरतं. खरं तर त्याला जे जमलं नाही ते व्याकरण नसतं, मोठ्यांची नावं असतात.

म्हणून हा लेख. इंग्रजी उदाहरणं मुद्दाम देवनागरीत दिली आहेत, म्हणजे घरातल्या आजीआजोबांनाही मोठ्यानं वाचून मुलाशी बोलता येईल.

एका पाटीखाली पाच घरं

पहिलं घर सगळ्यांच्या ओळखीचं : सहायक क्रियापद आणि मुख्य क्रियापद. 'शी हॅज गॉन', 'दे आर प्लेइंग', 'ही मस्ट हॅव बीन स्लीपिंग'. इथं सगळा अर्थ शेवटच्या शब्दात असतो. आधीचे शब्द काळ, शक्यता, सक्ती असलं काहीतरी सांगतात. ओळखायची खूण सोपी आहे. प्रश्न करून बघा : 'हॅज शी गॉन?' पहिला शब्द उडी मारून कर्त्याच्या आधी गेला. नकार करा : 'शी हॅज नॉट गॉन.' 'नॉट' त्या पहिल्या शब्दाला चिकटला. ही दोन कामं जो शब्द करतो तो सहायक. अनेक पुस्तकं या जोडीला 'व्हर्ब फ्रेज' म्हणतात.

दुसरं घर 'फ्रेझल व्हर्ब'चं : 'गिव्ह अप', 'टर्न ऑफ', 'पुट अप विथ'. आता हे दोन शब्द शेजारी ठेवून ऐका. व्हर्ब फ्रेज आणि फ्रेझल व्हर्ब. लेकरानं गोंधळायचं नाही तर काय करायचं? त्यात पूर्वेकडे, बंगालात, शाळांमधून यालाच 'ग्रुप व्हर्ब' म्हणतात, आणि इंटरनेटवरच्या व्हिडिओंमुळे ते नावही आता आपल्या मुलांच्या कानावर पडतं. मराठी गाइडांत कुणी याला 'संयुक्त क्रियापद' लिहितं, कुणी 'वाक्प्रचार'. 'वाक्प्रचार' म्हटलं की मुलांना 'डोळे उघडणे', 'हात टेकणे' आठवतं आणि गाडी आणखी भलतीकडे जाते.

फ्रेझल व्हर्बची खूण सर्वनामाची. 'टर्न ऑफ द फॅन'मध्ये 'फॅन'च्या जागी 'इट' घाला. 'टर्न इट ऑफ' होतं, 'टर्न ऑफ इट' होत नाही. पण 'लुक आफ्टर द बेबी'चं 'लुक आफ्टर हर' होतं, 'लुक हर आफ्टर' होत नाही. म्हणून काही व्याकरणकार या दुसऱ्या जातीला वेगळं काढून 'प्रिपोझिशनल व्हर्ब' म्हणतात. शाळेत ते नाव शिकवण्याची गरज मला तरी वाटत नाही. सर्वनाम कुठे बसतं एवढं मुलाच्या तोंडात बसलं की झालं. आणि दोन्हींपासून वेगळं 'वुई वॉक्ड अप द हिल'. दौलताबादचा किल्ला चढतानाचं 'अप' हे खरोखरचं वर जाणं आहे, 'वुई गेव्ह अप द प्लॅन'मधलं 'अप' कुठंही वर जात नाही.

तिसरं घर एकाच शब्दाचं : 'ओव्हरटेक', 'बेबीसिट', 'प्रूफरीड', 'ड्राय-क्लीन'. दोन शब्द जोडून एक नवं क्रियापद तयार झालेलं. 'ब्लॅकबोर्ड' हे जसं 'कंपाउंड नाउन', तसं हे 'कंपाउंड व्हर्ब'. नावाच्या अर्थानं बघितलं तर हे नाव खरं म्हणजे याच घराला शोभतं, आणि भाषाशास्त्राच्या पुस्तकांत शब्दरचनेच्या प्रकरणात ते याच अर्थानं येतं. भूतकाळ शेवटच्या तुकड्याला लागतो, तोही त्या तुकड्याच्या मूळ सवयीनं : 'ओव्हरटुक', 'बेबीसॅट'. जालना रोडवर दिवसातून दहा वेळा 'ओव्हरटेक' म्हणणाऱ्या पोरालाही 'ओव्हरटेक्ड' लिहायचा मोह होतो, तेव्हा एवढं एक जरूर सांगा.

चौथं घर अमेरिकी शालेय पुस्तकांतलं. एक कर्ता, 'अँड'नं जोडलेल्या दोन वेगळ्या क्रिया : 'शी वॉश्ड अँड ड्राइड द प्लेट्स'. तिकडच्या वर्कशीटमध्ये याला सर्रास 'कंपाउंड व्हर्ब' किंवा 'कंपाउंड प्रेडिकेट' म्हणतात. आपल्याकडच्या पुस्तकांत हा अर्थ फारसा नसतो, त्यामुळे पालकांनी घरी छापून आणलेला सराव आणि शाळेचा धडा यांची टक्कर नेमकी इथंच होते.

पाचव्या घराबद्दल थोडं पुढे बोलू. कारण त्याआधी आपल्या मराठीच्या घरात डोकवायला हवं. मला वाटतं, गोंधळाचं मूळ तिथं आहे, आणि तो सुटण्याची जागाही तिथंच आहे.

आपलं 'संयुक्त क्रियापद' तरी एक कुठंय?

मराठीत आपण शिकवतो : धातुसाधित आणि सहायक क्रियापद मिळून एकाच क्रियेचा बोध झाला की संयुक्त क्रियापद. व्याख्या ठीक आहे. पण ही दोन वाक्यं बघा.

'राणी पुस्तक वाचत आहे.'
'दिवा विझून गेला.'

व्याख्येनं दोन्ही संयुक्त. पण दोन्हींतलं दुसरं क्रियापद एकच काम करतं का? 'आहे' फक्त काळ सांगतो. 'गेला' काळही सांगतो, पण तेवढ्यावर थांबत नाही. 'दिवा विझला' आणि 'दिवा विझून गेला' यांत काहीतरी फरक आहे, आणि तो पाचवीतल्या मुलालाही कळतो, फक्त सांगता येत नाही. विझण्याची क्रिया पूर्ण झाली, आता परत फिरणं नाही, अशी छटा त्या 'गेला'नं आणली. जाणं मात्र कुणाचंच झालेलं नाही. दिवा आहे तिथंच आहे.

म्हणजे मराठीच्या एका नावात दोन वस्तू आहेत. पहिली इंग्रजीतल्या पहिल्या घराशी जुळते : 'इज रीडिंग'. दुसरी जुळत नाही. आपण मात्र 'संयुक्त क्रियापद म्हणजे इंग्रजीत कंपाउंड व्हर्ब, आणि कंपाउंड व्हर्ब म्हणजे हेल्पिंग व्हर्ब अधिक मेन व्हर्ब' असं एका दमात सांगून मोकळे होतो. मग मूल 'मी विसरून गेलो'चं काय करतं? 'आय फरगॉट अँड वेंट.' 'पाणी घेऊन ये'चं? 'टेक वॉटर अँड कम.' 'एकदा करून बघ'चं? 'डू अँड सी.' वर्गात यावर हशा पिकतो. पण मूल नियमाप्रमाणेच वागलेलं असतं. दोन क्रियापदं दिसली, दोन्हींचं भाषांतर केलं.

ही सवय फक्त मराठी घरातली नाही. आपल्या शहराच्या वर्गात निम्मी लेकरं मधल्या सुट्टीत दखनी बोलतात. 'गिर गया', 'खा लिया', 'फेक दिया' यांतही तेच चालतं. 'लिया'त काही घेतलेलं नसतं आणि 'दिया'त काही दिलेलं नसतं.

ही नावं आली कुठून

थोडा इतिहास सांगते, कारण त्यानं निदान आपला तरी एकमेकांवरचा राग कमी होतो.

लिंडली मरे यांचं इंग्रजी व्याकरण १७९५ सालचं. त्यात सहायक क्रियापदांच्या मदतीनं बनणाऱ्या काळांना 'कंपाउंड टेन्सेस' म्हटलं आहे. आपल्या पहिल्या घराला 'कंपाउंड' शब्द चिकटला तो या परंपरेतून. दादोबा पांडुरंगांचं मराठी व्याकरण १८३६ साली आलं, तेही इंग्रजी व्याकरणाची चौकट डोळ्यांसमोर ठेवूनच. दुसरीकडे, भारतीय भाषांची व्याकरणं लिहिणाऱ्या परदेशी पाद्र्यांना 'गिर गया', 'खा लिया' या जोड्या भेटल्या. इंग्रजीत असलं काही नव्हतं. त्यांनी या जोड्यांनाही 'कंपाउंड व्हर्ब्ज' म्हटलं. केलॉग यांच्या १८७६ च्या हिंदी व्याकरणात हे नाव आहेच. म्हणजे एकाच शतकात एकच शब्द इंग्रजीत एका गोष्टीला आणि आपल्या भाषांत दुसऱ्याच गोष्टीला लागला. मग आपण दोन्हींचं मराठी केलं 'संयुक्त', आणि त्या मराठीचं परत इंग्रजी केलं 'कंपाउंड'. त्यात मूळ फरक कुठंतरी गळून पडला.

मोरो केशव दामल्यांचं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ चं. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९१४ साली, मौलवी अब्दुल हक यांचं 'कवायद-ए-उर्दू' आलं. अब्दुल हक म्हणजे आपल्याच शहरातले. अंजुमन तरक्की-ए-उर्दू या संस्थेचं मुख्य कार्यालय त्यांच्यामुळे १९१३ पासून जवळपास पंचवीस वर्षं इथं, तेव्हाच्या औरंगाबादेत होतं. त्या काळात परिभाषा कशी घडवावी यावर वहीदुद्दीन सलीम यांनी एक अख्खं पुस्तक लिहिलं, तेही अंजुमननं काढलं. नावांचा हा प्रश्न एके काळी आपल्या गावात इतक्या गांभीर्यानं घेतला जात होता, हे आज औरंगपुऱ्यात गाइडं विकत घेताना कुणाच्या ध्यानातही येत नाही. उर्दू शाळेतून आलेलं मूल 'मुरक्कब' हा शब्द ऐकून आलेलं असतं. मुरक्कब म्हणजे जोडून बनलेलं. म्हणजे त्याच्याकडे आणखी एक नाव, आणि अडचण तीच.

'फ्रेझल व्हर्ब' हे नाव तर त्या मानानं कालचं. लोगन पीअरसॉल स्मिथ यांनी १९२५ साली 'वर्ड्स अँड इडिअम्स' या पुस्तकात ते वापरलं आणि ऑक्सफर्ड शब्दकोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी ते सुचवल्याचं सांगितलं. तुमच्या आजोबांच्या पिढीला तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकवणाऱ्या मास्तरांनी हे नाव घेतलं नसेल तर त्यात त्यांचं काही चुकलं नाही. 'गिव्ह अप' त्यांनाही येत होतं.

जिथं खरी जोडी जुळते

आता मुख्य गोष्ट. 'विझून गेला'सारखं मराठी क्रियापद इंग्रजीत सांगायचं असेल तर कुठल्या घरात जायचं? मुलं पहिल्या घरात जातात किंवा चौथ्या. बहुतेक वेळा जायला हवं दुसऱ्या घरात. जोड्या वाचून बघा.

दिवा विझून गेला : 'द लॅम्प वेंट आउट'.
सगळं खाऊन टाक : 'ईट इट अप'.
हे लिहून घे : 'राइट इट डाउन'.
उठून बस : 'सिट अप'.
कागद फाडून टाक : 'टेअर इट अप'.
मोठ्यानं वाचून दाखव : 'रीड इट आउट'.
तो निघून गेला : 'ही वेंट अवे'.
घर जळून गेलं : 'द हाउस बर्न्ड डाउन'.
जुनी गाडी विकून टाकली : 'वुई सोल्ड ऑफ द ओल्ड कार'.

आपण जे काम 'टाक', 'जा', 'घे', 'दाखव' यांच्याकडून करून घेतो, ते इंग्रजी 'अप', 'आउट', 'डाउन', 'ऑफ'कडून करून घेते. 'खा' आणि 'खाऊन टाक' यांत जो फरक, साधारण तोच 'ईट इट' आणि 'ईट इट अप' यांत. या 'अप'मध्ये वर काही नाही, तसं आपल्या 'टाक'मध्येही काही टाकायचं नाही. दोन्हीकडे मूळ अर्थ झिजून एक छटा तेवढी उरली.

हे मुलांना सांगितलं की त्यांचे डोळे चमकतात, कारण फ्रेझल व्हर्ब म्हणजे इंग्रजांनी आपल्याला छळायला केलेली यादी, असा त्यांचा समज असतो. 'हे आपण रोज करतो, फक्त त्यांचा दुसरा शब्द लहान आहे' असं म्हटलं की यादीची भीती निम्म्यानं कमी होते. पाठ करावं लागतंच. पण कशासाठी पाठ करायचं ते कळतं.

अर्थात सगळं एकास एक जुळत नाही, आणि तसं जुळतं असं भासवूही नका. 'विसरून गेलो'ला नुसतं 'आय फरगॉट' पुरतं. 'मरून गेला'ला 'डाइड'. 'करून बघ'ला इंग्रजीत 'ट्राय' हे वेगळं क्रियापदच घ्यावं लागतं : 'ट्राय डूइंग इट'. 'घेऊन ये' आणि 'घेऊन जा' यांच्यासाठी एकेकच शब्द आहे, 'ब्रिंग' आणि 'टेक'. 'बोलून बसलो'मधली ती हळहळ, नको ते तोंडातून निसटल्याची, तिच्यासाठी 'ब्लर्टेड आउट' जवळचं. पण 'हरवून बसला'मधली हळहळ 'लॉस्ट'मध्ये कुठेच नाही, ती आवाजातून आणावी लागते. अशा ठिकाणी मुलांना सरळ सांगावं की हे आपल्याकडे आहे, त्यांच्याकडे नाही. आपल्या भाषेत काही जास्तीचं आहे हे कळणं लेकराला फार आवडतं.

भाषाशास्त्रज्ञांनी या जोड्यांवर भरपूर काम केलं आहे. पीटर हूक यांचं हिंदीतल्या संयुक्त क्रियापदांवरचं पुस्तक १९७४ चं. त्या मंडळींत 'कंपाउंड व्हर्ब' म्हटलं की 'खा लिया' हाच अर्थ. म्हणून एखादा विद्यार्थी पुढे एम.ए.ला जाऊन सांगू लागला की 'इंग्रजीत कंपाउंड व्हर्ब नसतातच', तर तो त्याच्या जागी बरोबर असतो.

दोन क्रिया की एक? मराठीतच तपासून घ्या

इंग्रजी करण्याआधी मुलाला एवढं ठरवता आलं पाहिजे की मराठी वाक्यात क्रिया एक आहे की दोन. त्यासाठी दुसरं क्रियापद काढून बघायचं.

'पाहुणे जेवून गेले.' शेवटचं काढा : 'पाहुणे जेवले.' जाण्याची बातमी हरवली. म्हणजे क्रिया दोन होत्या. इंग्रजीत चौथं घर चालेल, किंवा 'द गेस्ट्स लेफ्ट आफ्टर डिनर'.

'दिवा विझून गेला.' शेवटचं काढा : 'दिवा विझला.' बातमी तीच राहिली. क्रिया एक.

अजून शंका असेल तर मध्ये काहीतरी घाला. 'पाहुणे जेवून लगेच घरी गेले' चालतं. 'दिवा विझून लगेच घरी गेला' म्हटलं की वर्ग हसतो, आणि त्या हसण्यातच उत्तर असतं.

काही वाक्यं दोन्हीकडे जातात. 'कागद फाडून टाक' म्हणजे त्याचे तुकडे कर, की फाड आणि मग टोपलीत टाक? संदर्भाशिवाय सांगता येत नाही. अशी वाक्यं परीक्षेत विचारू नयेत, पण वर्गात जरूर विचारावीत. मुलं भांडतात, बाजू घेतात, आणि त्या दहा मिनिटांत व्याकरण जितकं शिकतात तितकं व्याख्या लिहून घेऊन शिकत नाहीत.

पाचवं घर : 'डू हेल्प'

'मदत करणे', 'लक्ष देणे', 'विश्वास ठेवणे', 'चूक करणे', 'अंघोळ करणे'. नाम अधिक क्रियापद. इंग्रजीतही असं आहे : 'टेक अ बाथ', 'पे अटेंशन', 'मेक अ मिस्टेक', 'हॅव अ लुक'. यातलं क्रियापद अर्थानं हलकं असतं, भार सगळा नामावर. येस्पर्सन यांनी त्याला 'लाइट व्हर्ब' म्हटलं. आपल्याकडचे अभ्यासक याला 'कंजंक्ट व्हर्ब' म्हणतात, आणि शालेय गाइडं... ओळखलंत ना? 'कंपाउंड व्हर्ब'.

नाव सोडा, चूक बघा. 'त्यानं मला मदत केली' : 'ही डिड हेल्प टू मी'. 'लक्ष दे' : 'गिव्ह अटेंशन'. 'चूक केली' : 'डिड मिस्टेक'. मराठीतलं हलकं क्रियापद उचलून तसंच्या तसं इंग्रजीत ठेवलेलं असतं. इथं मुलाला एकच गोष्ट सांगायची : जोडीतलं नाम न्या, क्रियापद नेऊ नका. नाम इंग्रजीत गेल्यावर तिथं त्याचा जोडीदार कोण आहे ते विचारा. 'मिस्टेक'चा जोडीदार 'मेक', 'अटेंशन'चा 'पे'. 'हेल्प'ला तर जोडीदारच लागत नाही, ते स्वतःच क्रियापद आहे : 'ही हेल्प्ड मी'. वहीत शब्दार्थ लिहिताना 'अटेंशन : लक्ष' एवढंच न लिहिता 'पे अटेंशन : लक्ष देणे' असं लिहायची सवय लावली तर पुष्कळ काम होतं. एवढं एक काम पालक घरी सहज करू शकतात, त्यांचं स्वतःचं इंग्रजी कच्चं असलं तरी.

मग नाव कुठलं वापरायचं?

माझं मत विचाराल तर शाळेतल्या इंग्रजीच्या तासातून 'कंपाउंड व्हर्ब' हे नाव काढून टाकावं. (हे 'काढून टाकावं' कुठल्या घरातलं, ते मुलांना विचारा.) पहिल्या घराला 'सहायक आणि मुख्य क्रियापद' पुरतं. दुसऱ्याला 'फ्रेझल व्हर्ब' ठेवावंच लागेल, जगभर तेच चालतं. तिसऱ्याला 'जोडशब्द'. चौथ्याला नाव नको, 'दोन क्रिया, कर्ता एक' म्हटलं की झालं. पाचव्याला 'नाम-क्रियापद जोडी'. ही काही शास्त्रशुद्ध परिभाषा नव्हे. पण सहावीच्या बाईंनी आणि आठवीच्या सरांनी एकच नाव वापरणं हे नाव शास्त्रशुद्ध असण्यापेक्षा महत्त्वाचं आहे. सत्र सुरू होताना भाषा शिक्षकांनी अर्धा तास एकत्र बसून एवढं ठरवून घ्यावं, आणि त्या बैठकीत मराठी, हिंदी, उर्दूच्या शिक्षकांनाही बोलवावं. मुलं तर एकाच डोक्यात हे सगळं घेऊन बसलेली असतात.

परीक्षेत कुणी नाव विचारलंच तर? शिष्यवृत्ती असो, टीईटी असो की बँकेची परीक्षा, पर्यायांकडे आधी बघायला शिकवा. पर्यायांत 'फ्रेझल व्हर्ब' नसेल आणि वाक्यात 'गिव्ह अप' असेल, तर विचारणाऱ्याच्या मनात 'कंपाउंड व्हर्ब'चा तो अर्थ आहे हे ओळखायचं आणि पुढे जायचं. त्यावर वाद घालायची जागा परीक्षागृह नव्हे.

आणि तपासणाऱ्यांना एक विनंती. मुलानं 'टर्न ऑफ'खाली 'कंपाउंड व्हर्ब' लिहिलं असेल तर फुली मारण्याआधी शेजारी एवढंच लिहा : 'हे नाव कुठं शिकलास?' पालकांनीही घरी 'तुमच्या सरांना येत नाही' किंवा 'क्लासवाले काहीही शिकवतात' असं म्हणण्याआधी उदाहरण मागावं. नाव सोडून उदाहरण समोर ठेवलं की दहातल्या नऊ वेळा भांडण मिटतं.

सरावासाठी

ही वाक्यं फळ्यावर लिहा. आधी मराठीत ठरवू द्या, क्रिया एक की दोन. मग इंग्रजी.

तो पडून गेला. (मुलं 'फेल अँड वेंट' लिहितील. विचारा, पडलेला गेला कुठं?)
तिनं दप्तर आवरून ठेवलं.
दूध उतू गेलं. (इथं 'ऊन' नाही, तरी 'गेलं' कुठं गेलेलं नाही. 'द मिल्क बॉइल्ड ओव्हर.')
बाबा बाजारातून भाजी घेऊन आले.
मी त्याला सांगून टाकलं.
दादानं रिक्षाला ओव्हरटेक केलं. (तिसरं आणि पाचवं घर एकत्र. इंग्रजीत 'केलं' गळून पडतं : 'ओव्हरटुक'.)
ती गाणं म्हणत होती.
चहा पिऊन जा.

शेवटच्या वाक्यावर थोडं थांबा. क्रिया दोन आहेत, खूण लावून बघितली तरी दोनच निघतात. पण 'ड्रिंक टी अँड गो' म्हटलं तर पाहुण्याला हाकलल्यासारखं होतं. दारात उभं राहून आपण 'चहा पिऊन जा' म्हणतो तेव्हा 'जा' म्हणायचं नसतं, 'थांब' म्हणायचं असतं. इंग्रजीत म्हणून ते 'स्टे फॉर अ कप ऑफ टी' होतं. हे मुलांना स्वतःहून सुचतं का ते बघा. माझ्या वर्गात ते पहिल्यांदा सुचलं ते इंग्रजीत सगळ्यात कमी गुण पडणाऱ्या मुलीला.